दर वर्षीचे चाळीस पोपट

पहिल्यांदा कात्री हातात देताना बाप म्हणाला होता, "हात हलका ठेव. गिऱ्हाइकानं आरशात बघितलं तर काय गेलं ते त्याला कळू नये, नुसतं बरं दिसावं." बाप जाऊन तीस वर्षं झाली. पण मैदानाच्या कडेला गर्दीत उभ्या न्हावीदादाला तो आवाज आज ऐकू आला, आणि नकोसा झाला.

मैदान माणसांनी भरून वाहत होतं. व्यासपीठावर पाखरमहाराज, शेजारी वनाधिकारी साहेब, मागच्या फलकावर दोघांचा, खांद्यांवर पोपट घेतलेला, गेल्या वर्षीचा फोटो. वन्यजीव सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. साहेबांनी चोरट्यांकडून सोडवलेले चाळीस पोपट आज मोकळे करायचे होते.

"मोकळं आभाळ, मोकळा वारा..." महाराजांनी सूर लावला.

"तरी राघूला इथंच थारा!" गर्दीनं पुढची ओळ झेलली.

पिंजरे उघडले. हिरवा लोंढा उसळला, डोक्यांवरून हातभर वर गेला, हवेतच भेलकांडला आणि वळून महाराजांच्या खांद्यांवर, शालीवर, काठीवर उतरला.

"कायद्यानं सोडलं, प्रेमानं बांधलं!" महाराज गरजले. "जा म्हटलं तरी जात नाहीत, काय करू?"

"मुक्या जिवाला कळतं बघा," कुणीतरी डोळे पुसले. परत आलेली पाखरं सांभाळायला महाराजांकडेच जायची. मैदानामागच्या बाजाराच्या गल्लीत मैना, खारी, पोपट पिंजऱ्यांतून उघड विकले जायचे. तिकडे साहेबांची गाडी कधी वळली नव्हती.

आता फक्त एक सही राहिली होती. नवी पशुवैद्य, न्हावीदादाची मुलगी, पाखरांच्या दाखल्याचा कागद हातात घेऊन उभी होती.

"उडायला तंदुरुस्त?" तिनं कागदावरचं वाचलं. "साहेब, हे उडाले कुठं? हे पडलेत."

गर्दीत कुजबुज झाली. तिनं वाकड्या चोचीचा एक पोपट अलगद उचलला आणि त्याचा पंख पसरला. "कडेची दोन पिसं लांब ठेवलीत, म्हणून मिटलेला पंख अख्खा दिसतो. आतली, उडवणारी पिसं मात्र कापलेली. वर चढता येत नाही, मग जवळ जे उंच दिसेल त्यावर बसणार. त्यात पोटात दोन दिवस दाणा नाही, सोडेपर्यंत द्यायचा नाही असा साहेबांचा हुकूम. महाराज, शाल झटका बरं जरा."

महाराजांनी शाल घट्ट धरली. पुढं बसलेल्या भाजीवाल्या मावशीनं खालून ओढलीच. सूर्यफुलाच्या बियांचा सडा पडला.

"अगं बाई! हा तर चालता-बोलता दाण्याचा डबा!"

"आणि हा वाकड्या चोचीचा मागच्या फलकावर बघा," मुलगी म्हणाली. "हाच आहे. कारवाई दर वर्षी नवी, पाखरं तीच."

हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पंख कापलेत हे तुम्हीच दाखवलंत. कालपासून पिंजरे तुमच्या दवाखान्यात, किल्ली तुमच्याकडे. संरक्षित पक्ष्याला इजा. कारकून, गुन्हा लिहा."

गल्लीत वर्षानुवर्षं घोरत पडलेला कायदा खडबडून जागा झाला, आणि जागा होताच त्यानं हात धरला तो तिचा. हसणारी गर्दीही पलटली. "महाराजांची पाखरं छाटली हो हिनं!"

न्हावीदादाचं दुकान वन कार्यालयाच्या भिंतीला टेकून उभं होतं. साहेबांनी बोट उचललं की ते संपलं. केसांसारखी पिसंही पुन्हा येतात, असं तो सात वर्षं स्वतःला सांगत आला होता. येत होतीच ती. आली की त्यालाही बोलावणं येत होतं.

समोर मुलीची नोकरी चालली होती, नाव चाललं होतं. पण हातातलं पाखरू तिनं जराही दाबलं नव्हतं.

तो पायऱ्या चढला.

"अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्येच आहे गं मी. सात वर्षं." त्यानं खिशातली कात्री काढून टेबलावर ठेवली. "पिसं मी कापली. परवा. ह्या कात्रीनं. कडेची दोन ठेवायची युक्तीही माझीच."

मुलगी बापाकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी.

"माझ्यावर थुंका हवं तर," तो गर्दीला म्हणाला. "पण हात जोडायच्या आधी एकदा पंख उघडून बघत जा रे. पाखरू आभाळ सोडून माणसाच्या खांद्यावर येत नाही. आलं, तर त्याचं काय कापलंय ते विचारा. मला हे सात वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून मी कापत राहिलो."

"झालं तर मग," साहेब घाईनं म्हणाले. "कारकून, आधीचं नाव खोडा. आरोपी न्हावी. कबुली दिलीय."

कारकुनानं खाली मान घालून लिहायला घेतलं.

"लिहा. पण अर्धं लिहू नका." न्हावीदादानं कारकुनाच्या कागदावर बोट ठेवलं. इतकी वर्षं गिळलेलं वाक्य बाहेर यायला अडखळत होतं. "कात्री माझी, पाखरं महाराजांची. आणि दर वर्षी मला घ्यायला दारात उभी राहते ना, ती गाडी तुमची, साहेब."