पुढे ढकललेली तारीख

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी सव्वा वाजता डॉक्टरांनी मला सांगितलं की मालन गेली. मी विचारलं, "मग पुढच्या बुधवारी आणायचं ना तिला?"

ते म्हणाले, "काका, तुम्ही बसा." नर्सने खुर्ची सरकवली. मी बसलो नाही. का बसायचं तेच कळत नव्हतं. माझ्या शर्टावर तिचं रक्त वाळलं होतं.

मालनला यकृताचा आजार होता. दारूला ती कधी शिवली नाही. चरबीमुळे यकृत कडक झालंय, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा वॉर्डात सगळ्यांदेखत ती मला म्हणाली, "चाळीस वर्सां तुमी प्यालात आणि लिवर गेला माजा!" बाजूच्या खाटेवरची बाई सलाईन लावलेल्या हाताने तोंड दाबून हसली.

हे गणपतीच्या तीन आठवडे आधीचं. तिला पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली होती. दुर्बीण घालून त्यांनी रक्त थांबवलं, पण ते पुन्हा सुटू शकतं म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. यकृतातून रक्त पुढे जात नाही, म्हणून जठराच्या शिरांत दाब वाढतो, शिरा फुगतात, एक दिवस फुटतात. मी पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होतो. बत्तीस वर्षं रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. मोठी लाईन तुंबली की बाजूची फुटते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची आणि फुगलेली शीर आतून बंद करायची," डॉक्टर म्हणाले. "पोट फाडायचं नाही. पण उशीर करू नका."

तारीख मिळाली बुधवारची. त्याच दिवशी घरात गौर येणार होती आणि दुसऱ्या दिवशी पूजन.

माझा मुलगा वैभव. त्याचं लग्न फेब्रुवारीत अक्षदाशी झालं. आमच्या कोकणात नव्या सुनेचा पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच होतो, नाहीतर थांबायचं. यंदा पूर्वा होती. माहेराहून आलेली सुपं सून गौरीसमोर ओवसते, म्हणजे ओवाळते, आणि मग एक सूप सासूच्या हातात देते.

"पोट फाडूचा नाय मां? टाको पण नाय? मगे घाई कित्याक?" मालन म्हणाली. "पूर्वा परत कधी येतली? अक्षदेन सूप कोणाच्या हातात देवचा, तुमच्या?"

मला ते पटलं. पोट फाडायचं असतं तर मी ऐकलं नसतं. सुईएवढं भोक, त्याला आठ दिवस काय, असं वाटलं. मी हॉस्पिटलात फोन केला. तिला ताप आलाय म्हणालो. पलीकडच्या बाईने पुढचा बुधवार दिला. वैभव भडकेल म्हणून मालनने त्याला सांगितलं, "डॉक्टर रजेर गेलेत."

गुरुवारी सकाळी दहाला करी रोडच्या आमच्या खोलीत अक्षदाने गौरीसमोर सुपं ओवसली. मग एक उचलून ती सासूकडे वळली. मालन हिरवं लुगडं नेसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले आणि सुपावरच रक्ताची उलटी झाली. नारळ, काकडी, पानाचा विडा, सगळं लाल. ती म्हणाली, "अगे, सूप बाटला." पुढे काही बोलली नाही.

त्याला आज अकरा दिवस झाले. वैभव टेबलाशी बसून हॉस्पिटलविरुद्ध तक्रार लिहितोय. डॉक्टर रजेवर गेले, त्यांनी तारीख बदलली, म्हणून आई गेली, असं लिहिलंय. त्याने मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "जेवून घे आधी."

उद्या तो ते नेऊन देणार आहे. फोन मी केला होता, हे त्याला सांगायचं राहिलंय.