जुन्या किल्लीलाही लागणारं कुलूप

महाळुंगे पडवळच्या भगवंताला कुलपांचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच. पिंपरीच्या कारखान्यात काही वर्षं टूलरूमला काढून तो गावी शेतीवर परत आला, तेव्हा पोतंभर बिघडलेली कुलपं घेऊन आला. थोरला भाऊ कुशाबा म्हणाला, "भंगाराचं दुकान टाकतोस का काय?" भगवंत नुसता हसला. पुढं कुणाची किल्ली हरवली, कुणाचं लॅच अडकलं, की माणसं त्याच्याच ओट्यावर येऊ लागली. काम नसलं की हा बाबा सागाच्या फळीवर कुलपं बसवत बसायचा.

ती फळी त्याच्या एकुलत्या लेकीसाठी, वृषालीसाठी. पहिल्या कुलपात त्यानं एकच पीन ठेवलेली, दुसऱ्यात दोन, असं चढत चढत शेवटच्यात पाचीच्या पाची. छत्रीची काडी घासून आकडा केलेला आणि तुटक्या ब्लेडची पट्टी वाकवून घेतलेली. पट्टीनं कुलपाला हलका पीळ द्यायचा, आकड्यानं एकेक पीन वर ढकलायची. पीन आपल्या उंचीवर गेली की बोटाला बारीकसं टिक लागतं. भगवंताची बायको सारजाबाई म्हणायची, "चांगलं शिकवताय पोरीला, उद्या पोलीस येतील दारात." बापलेक मान वर करतील तर शपथ. शेवटचं कुलूप उघडलं तेव्हा वृषाली आठवीत होती, आणि भगवंतानं अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. कुणी विचारलं कशाचे, तर सांगताही येईना त्याला.

मोठी होऊन ती मंचरला कॉलेजात जायला लागली. दुपारी परत यायची तेव्हा घरचे सगळे रानात, म्हणून भगवंतानं तिला घराची वेगळी किल्ली करून दिली. आणि अठ्ठ्याण्णव साली एक दिवस ती घरी आलीच नाही. बेल्ह्याच्या बाजारात जनावरांचा टेम्पो चालवणारा भिमा, धनगराचा पोरगा, त्याच्याशी तिनं कोर्टात लग्न केलं.

कुशाबानं घर डोक्यावर घेतलं. त्या घरात त्याचा शब्द शेवटचा. भगवंत त्याच्यापुढं कधी बोललाच नव्हता, शेत वाटायची वेळ आली तेव्हासुद्धा नाही.

"तिच्याकडं घराची किल्ली हाय," कुशाबा म्हणाला. "कुलूप बदल. आजच्या आज. ती आपल्याला मेली."

आता बापानं काय करावं? दुसरा कुणी असता तर भांडला असता, निदान जेवणाच्या ताटावरनं उठला असता. हा उठला तो हत्यारांची पिशवी आणायला. त्यानं दाराच्या लॅचचा पितळी गाभा काढला, पिना फडक्यावर ओतल्या आणि नव्या किल्लीला जुळतील अशा दुसऱ्या पिना बसवल्या. एवढं सगळ्यांनी बघितलं. जे कुणी बघितलं नाही ते असं, की बसवता बसवता त्यानं पिनांवर पितळेच्या पातळ चकत्या सरकवल्या. असं केलं की पीन एका उंचीवर सुटते तशी दुसऱ्याही उंचीवर सुटते. म्हणजे कुलूप नव्या किल्लीनं उघडतं आणि जुन्याही. जरा सैल पडतं, चोराला सोपं जातं. जाऊ दे म्हणाला मनात. चोर आला तरी चालेल, पोर आली पाहिजे.

नव्या किल्ल्या वाटल्या. आळीभर झालं, भगवंतानं स्वतःच्या हातानं लेकीला दार बंद केलं. त्यानं ऐकून घेतलं. आपली वृषी हुशार आहे, येईल, किल्ली लावून बघेल, तिला कळेल, असं धरून बसला. अहो, पण तिला सांगणार कोण? निरोप धाडायला काय झालं होतं? पण नाही. आपण बोललो नाही तरी कुलूप बोलेल, असं या शहाण्याला वाटलं.

चैतात गावची जत्रा. गावोगावच्या लेकी माहेरी येतात, आणि दुपारी बैलगाड्यांच्या शर्यतीला सगळं गाव घाटावर, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर, लोटतं. घरं ओस पडतात. येईल तर आजच येईल, असं भगवंताला दर जत्रेला वाटायचं. शर्यतीची पहिली बारी सुटायच्या आत तो घाटावरनं परत यायचा. दार उघडून आधी कोनाड्यातली फळी बघायचा, मग पाण्याचा तांब्या, मग सारजाबाईनं मुद्दाम मागं ठेवलेली पुरणपोळी. सगळं जागच्या जागी. पोळी तो संध्याकाळी गायीला घालायचा. सारजाबाई काही विचारायची नाही, पण तिचे डोळे विचारायचे, आणि हा नुसती मान हलवायचा. पोरीला आपली याद येत नाही, असं मनात धरून तो झुरत राहिला. लई झुरला. अंगावरचा सदरा ढगळ व्हायला लागला.

वर्षं गेली. गावात टॉवर आला, लोकांच्या खिशात मोबाईल आले. एका सकाळी शेजारची चिमाबाई पेटीचं कुलूप घेऊन आली. भगवंत काम करत होता आणि ती बोलत होती, आणि बोलता बोलता म्हणाली, "दुसऱ्यांची कुलपं लई मायेनं उघडतोस रं. लेकीला मातर बाहीर बसवलीस."

"कवा?"

"पयल्याच जत्रंला की. घाटावर गेला व्हता तुमी समदी. वट्यावर बसली व्हती, किल्ली हातात धरून. म्या सांगितलं, बाई, तुज्या बानंच कुलूप बदललंय. उगं लोकांम्होरं शोभा नको. तशीच उठून गेली."

भगवंताच्या हातातली पीन खाली पडली. ती त्यानं शोधलीही नाही. चिमाबाईचं कुलूप तसंच उघडं टाकून तो पायात वहाणा घालून यष्टीला गेला.

बेल्ह्यात भिमाचं घर सापडायला वेळ लागला नाही. वृषाली दारात ज्वारी निवडत होती. पाच-सहा वर्षांची पोरगी तिच्या पाठीला रेलून उभी होती. बापाला बघून ती उठली आणि सूप हातात घेऊनच उभी राहिली. अंगानं भरली होती, कपाळाशी एक केस पिकला होता. भगवंताला वाटलं, हे सगळं आपल्या माघारी झालं.

"तुजी किल्ली लागत व्हती," तो म्हणाला. वाटेत जुळवलेलं बाकीचं सगळं विसरला. "म्या तशीच ठिवली व्हती, वृषे. दोन्ही किल्ल्या लागत्यात. आजूनबी."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "चिमाकाकूवर माजा इश्वास न्हवता, अण्णा. मला वाटलंच व्हतं तुमी आसं कायतरी केलं आसंल. पर लावून बगायची छाती झाली न्हाई. न्हाई लागली आसती, तर मग मला बाप ऱ्हायला नसता. त्यापरीस न बगितलेलं बरं वाटलं."

भगवंत तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला. बाजारची माणसं जाता-येता बघत होती, बघू देत. नातीनं, श्रेयानं, पाणी आणून दिलं.

"आता चल," तो म्हणाला. "तुजी आई..."

"यीन की. आईसाठी जीव तुटतो माजा." तिनं पदरानं डोळे पुसले. "पर गुपचूप उगडल्याल्या दारानं यायची न्हाई मी. कुशाबा तात्याम्होरं बोला, अण्णा. एकदा तरी बोला."

संध्याकाळी घरी ताटं मांडली होती. सारजाबाई भाकरी वाढत होती. भगवंत जेवायला बसला, पण घास काही तोंडात जाईना. एवढ्या वयाचा बाप्या, पण भावापुढं आवाज फुटेना. शेवटी ताटाकडं बघतच तो बोलला.

"दादा, म्या वृषीकडं गेलो व्हतो. आन् ते कुलूप म्या पुरतं बदललंच न्हवतं. तिच्या किल्लीनंबी उगडतंय. पयल्यापासनं."

सारजाबाईचा हात भाकरीवरच राहिला.

कुशाबानं हातातला घास ताटात ठेवला. "ठावं हाय मला," तो म्हणाला. "त्याच साली नवी किल्ली रानात इसरलो व्हतो. बंडीच्या खिशात जुनी घावली, उगाच लावली, तर उगडलं."

भगवंतानं वर बघितलं. "मग इतकी वरसं बोलला का न्हाई, दादा?"

"तू कुटं बोललास?" कुशाबानं ताट सरकवलं. "मला वाटलं, कुलूप तू उगडं ठिवलंयस, तर आज ना उद्या पोर यील. मी काय तिला बाहीर काडणार व्हतो? दर जत्रंला वाट बगायचो मीबी."

कुणीच जेवलं नाही. सारजाबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं तोंड करून बसली होती.