बाबांचं झाड

काकांनी दोनदा कपाळ जमिनीला टेकवलं, माकोल्लीचा, तांदळाच्या दारूचा, पेला झाडाच्या मुळाशी ओतला आणि हंबरडा फोडला.

"दादा! वहिनीला आणलंय रे!"

"काका, हे ओक आहे," सांगबोम म्हणाला. "बाबा पाइनखाली आहेत."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? अर्धी बाटली गेली की!"

इथं थडगी नव्हती. झाडाखाली राख पुरायची आणि फांदीला नावाची पाटी अडकवायची, बस. वादळानं सगळ्या पाट्या उडवून नेल्या होत्या. खाली देखरेखीच्या माणसानं हात वर केले होते: नकाशाही चिखलात गेला, आपलं माणूस आपणच ओळखा.

आईच्या राखेचा डबा मिरानच्या छातीशी होता. शेवटच्या आजारात आई तिला, एकटीलाच, म्हणाली होती, "मला त्याच्याजवळ ठेवू नका." म्हणताना तिनं आपलं वाकडं मनगट पांघरुणात लपवलं होतं. ते मोडलं तेव्हा मिरान त्याच खोलीत होती. पण बायको नवऱ्याशेजारीच जायची. यावर काकांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

"बाबांनी दाण्याचा पाइन निवडला होता," तिचा धाकटा भाऊ सांगबोम म्हणाला. "म्हणाले, मेल्यावरही घरात फुकट दाणे येतील. करडी साल, दाण्यांचे हे एवढाले शंकू. तांबड्या पाइनचे शंकू अंड्याएवढेच असतात."

"मी पुढं जाऊन बघते."

दर चुसोकच्या सणाला आईबरोबर तीच इथं यायची. वळणावरच ते झाड उभं होतं. खवल्यांची करडी साल आणि खाली मुठीहून मोठे शंकू, काही खारींनी कुरतडलेले. मागून काकांची धाप आणि शिव्या जवळ येत होत्या. मिराननं तीन शंकू कोटात कोंबले, बाकीचे पायानं दरीत ढकलले आणि ती चढ चढून पार वरच्या तांबड्या पाइनपाशी गेली. तिथं तिनं कोट झटकला.

"सापडलं!"

सांगबोमनं खोडावर हात फिरवला. "साल तांबडी दिसते, ताई."

"भिजलीय."

"भिजल्यावर तांबडी होते?"

"तू बारा महिने जहाजावर, तुला झाडातलं काय कळतं?" काका कडाडले. "शंकू बघ ना! आणि उभा कसा राहिलाय बघ, छाती काढून. दादाच हा!"

मग कुणी सालीचं नाव काढलं नाही. खड्डा खणला, राख ओतली. उरलेली बाटली काकांनी रिकामी केली, थोडी मुळाशी, बरीचशी स्वतःत. मिराननं माती तळव्यांनी हळूहळू थापली. ऊन थेट तिथं पडत होतं.

उतरताना वळणावर काका थांबले आणि करड्या खोडाला एक हात टेकून दुसऱ्यानं पँटची चेन शोधू लागले.

"काका, इथं नको!" सांगबोम ओरडला. "खाली कुणाचं तरी माणूस असेल!"

"असू दे," मिरान म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. "होऊ द्या सावकाश, काका."