तिसरी आण

सूत्रधारबाईंनी बोटभर उंचीचा शिशाचा घोडेस्वार उचलला आणि तिच्यासमोरच्या चौकटीत ठेवला.

"हा तुमचा, वहिनी. आजच्यापुरता."

तिनं त्याला हात लावला नाही. टेबलावर चौकटींचा भलामोठा कागद अंथरला होता. त्यावर निळ्या शाईची नदी, हिरव्या खुणांचं रान आणि रानाच्या पोटात एक दरी. घोडेस्वार दरीच्या तोंडाशी उभा होता. सहा वर्षं तिचा नवरा दर रविवारी दुपारी इथं, याच खुर्चीत, येऊन बसत होता. तो जाऊन दीड महिना झाला तरी खुर्ची कुणी हलवली नव्हती.

"आमचा एक नियम आहे," बाई म्हणाल्या. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झालेल्या. नियम सांगायची वेळ आली की आवाज आपसूक फळ्यापाशी जाई. "खेळणारा अर्ध्यावर उठून गेला, तर त्याची राहिलेली चाल त्याच्या घरच्या माणसानं खेळायची. तोवर डाव पुढे सरकवायचा नाही. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचंय काय त्यात," समोर बसलेला कंपाउंडर म्हणाला. "या खेळात मी सहा वर्षं चोर आहे. अजून एक कुलूप उघडलेलं नाही मला."

"एक उघडलंत की," त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली. ती नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होती आणि खेळात चेटकीण. "ते आधीपासून उघडंच होतं, ही गोष्ट वेगळी."

दोघं हसले आणि तिच्याकडे बघून सावरून बसले.

ती खेळायला आलीच नव्हती. एक वाक्य तिनं मनात घडी घालून आणलं होतं: माझे सहा वर्षांचे रविवार तुम्ही खाल्लेत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळलेला. एक रविवार तेवढा हाती लागायचा, तर दोनला बाहेर पडायचा आणि साडेआठला दारात. "डाव लांबला." ताटं झाकून ठेवलेली. "तुमचा तो डाव म्हणजे माझी सवत आहे," ती म्हणायची. तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचा आणि रिकामा झाला तरी खाली ठेवायचा नाही.

टेबलक्लॉथच्या शिवणीतून एक दोरा निघाला होता. तिनं तो नखानं आत सारला. उभा जन्म शिलाईत गेलेला. सुटलेला दोरा तिला बघवत नसे.

"दादांचा हा व्रतवीर," बाई समजावू लागल्या. "तलवार सगळ्यांकडेच असते. याचं बळ तलवारीत नाही, आणेत आहे. तीन आणा घेतल्यात त्यानं. त्या पाळतोय तोवर त्याच्या हाताला गुण आहे. जखमी माणसावर नुसता हात ठेवला की जखम भरते. एक जरी आण मोडली, की हात तुमच्या-माझ्यासारखे."

"दादांनी स्वतः रचल्यात त्या," मुलगी म्हणाली. "वाचू?"

मुलीनं दादांच्या हातचा कागद उचलला आणि वाचायच्या ऐवजी हलकेच चालीवर म्हटलं. तो असाच म्हणत असणार.

"पहिली माझी आण, खोटं येईना ओठी,
खरं बोलायाला भीती कशापोटी.
दुसरी माझी आण, पडला जो वाटेवरी
त्याला टाकून मी जाईना माघारी.
तिसरी माझी आण, दिवेलागणीच्या आत
वाट बघे जी दारी, तिच्या हाती देईन हात."

घरी त्यानं कधी साधं गुणगुणलेलंही तिला आठवेना. अक्षर मात्र त्याचंच होतं, थोडं मागं झुकलेलं. तिनं कागद हातात घेतला आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. कापडाचा पोत बघावा तसा.

"या तिसरीनं आमचा जीव घेतला हो," कंपाउंडर म्हणाला. "ऐन लढाईत, राक्षस समोर उभा, आणि दादा खुर्ची मागं सारणार. 'चलतो, आमची आण आहे.' आम्ही म्हणायचो, आण बिण काही नाही, वहिनींचा धाक आहे!"

"कितीला निघायचे?" तिनं विचारलं.

"साडेचारला."

"रोज?"

"दर रविवारी. काटा साडेचारवर आला की खुर्ची वाजलीच म्हणून समजा. सहा वर्षांत एकदासुद्धा चुकले नाहीत. काय बाई?"

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या. "मला मोठं कौतुक वाटायचं त्याचं. खेळातली आण खऱ्या घरी पाळणारा माणूस."

इथून घर बसनं वीस मिनिटांवर. तिनं कागद खाली ठेवला. कडेला कड जुळवून नीट ठेवला, तरी पुन्हा सरळ केला.

"पाणी देऊ?" मुलीनं विचारलं.

"नको. काय करायचं असतं आता?"

बाईंनी दरीवर बोट ठेवलं. "संध्याकाळ होत आलीय. दरीतून कुणीतरी हाक मारतंय, जखमी आहे. खाली उतरला तर दिवेलागणीपर्यंत घर गाठता येत नाही, तिसरी आण मोडते. घरी गेला तर दुसरी मोडते. मी जरा जास्तच अवघड घातलं त्यांना. असं कोड्यात अडकवायला मला आवडायचं." त्यांनी बोट उचललं. "एरवी दादा चटकन खेळायचे. त्या दिवशी घोडेस्वार हातात धरून बसून राहिले. म्हणाले, 'बाई, हे माझ्याच्यानं होत नाही. एक आठवडा द्या.' मी हसले. म्हटलं, अहो, खेळ आहे. आणि गुरुवारी तुमचा निरोप आला."

गुरुवारी सकाळी तो बूट घालायला वाकला होता आणि वर आलाच नव्हता. त्या आठवड्यात तो नीट जेवत नव्हता. तिनं दोनदा विचारलं होतं, काय झालंय. दोन्ही वेळा त्यानं तिच्याकडे बघितलं होतं; तोंड उघडलं होतं, एवढंही तिला आठवत होतं.

"खाली कोण आहे?" तिनं विचारलं.

"ते ठरवलंच नाही अजून. नुसती हाक."

"बाई असेल?"

"असू शकेल. तुम्ही म्हणाल तसं."

"बाईच असेल," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिनं त्या शिशाच्या माणसाला दोन बोटांत धरलं. वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. तिनं तो उचलून दरीत ठेवला.

"वहिनी, मग आण मोडते," कंपाउंडर हळूच म्हणाला. "हाताचा गुण जातो. खाली पोचला तरी त्याला काही करता येणार नाही तिच्यासाठी."

"आणि घरी आला असता तर?"

"तरी गुण गेलाच असता."

"म्हणजे कसंही केलं तरी कुणाच्याच कामाचा नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मी वाट काढू शकते. सूत्रधाराला तेवढी मुभा असते. देवानं माफ केलं, असं म्हणू. दादांसाठी."

"नको," ती म्हणाली. "मोडली म्हणून लिहा."

बाईंनी लिहिलं. पेन्सिल कागदावर जरा जोरातच चालली. मुलीचे डोळे भरून आले होते. तिनं वहिनींचा हात धरला.

"दादांनीसुद्धा हेच केलं असतं."

"हो," ती म्हणाली. "हेच केलं असतं."

निघताना कंपाउंडर बरोबर आला. पाचला त्याची दुकानावर पाळी असायची. दादा आणि तो मिळूनच बाहेर पडायचे, असं तो जिना उतरता उतरता सांगत होता. फाटकाबाहेर आल्यावर तिचे पाय डावीकडे, बसच्या थांब्याकडे वळले.

"वहिनी, तिकडे कुठं?" तो उजव्या हाताला निघालासुद्धा होता.

ती क्षणभर उभी राहिली आणि त्याच्या मागून चालू लागली. तो बोलत होता. दादांची थट्टा कशी असायची, एकदा फासा गटारात पडला तेव्हा बाही वर करून तो कसा काढला. ती हं हं म्हणत होती. कोपऱ्यावर औषधाचं दुकान आलं.

"मी इथंच. दादा सरळ जायचे." त्यानं समोरच्या गल्लीकडे हात केला आणि मग आठवून विचारलं, "तुमचे गुडघे कसे आहेत हो आता? मागच्या खेपेला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेल्या होत्या त्यांनी. संपत आल्या असतील. सांगा, मी घरी आणून देईन. जिना उतरताना बघितलं मी, बराच फरक दिसतोय."

तिनं आयुष्यात गुडघ्याची गोळी घेतली नव्हती.

"आहे फरक," ती म्हणाली. "लागल्या तर सांगते."

तो आत गेला. ती रस्ता ओलांडून गल्लीच्या तोंडाशी आली. साधी गल्ली होती. दोन्ही अंगांना बैठी घरं, प्रत्येक दाराला दोन पायऱ्या. कुठं दार लावलेलं, कुठं लोटलेलं. एका खिडकीत कुणीतरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होतं, नुसते हात दिसत होते. ती त्या हातांकडे बघत राहिली. मग पुढच्या खिडकीकडे. मग त्याच्या पुढच्या.

पहिल्याच घरापाशी एक म्हातारे गृहस्थ झारीनं कुंड्यांना पाणी घालत होते.

"कुणाकडे जायचंय, ताई?"

ती पुढच्या दाराकडे बघत होती.

"नाव सांगा की. या गल्लीतलं घर न् घर ठाऊक आहे मला."

"नाव," ती म्हणाली.

म्हातारे पुढचं ऐकायला थांबले. झारी हातात तशीच कलती राहिली, आणि कुंडी भरून पाणी पायरीवरून खाली येऊ लागलं.