निळा उजेड आणि सरांची ढाल

सासूबाईंचं मोठं स्टीलचं पातेलं पिशवीत लपवून प्रयोगशाळेत नेलं, त्या दिवशी सुनेला वाटलं, आता आपली पीएच.डी. कुणाच्या बापाला अडवता यायची नाही.

पातेलं होतंच तसं. आतून आरशासारखं लखलखीत. तिने सजावटीच्या दुकानातून निळ्या दिव्यांची पट्टी आणली आणि पातेल्याच्या आतून गोल गोल चिकटवली. मधोमध काचेची बाटली ठेवली. बाटलीत एकमेकांकडे ढुंकूनही न बघणारे दोन पदार्थ, आणि वर चिमूटभर पिवळी पूड. असल्या दोघांना एकत्र आणायचं तर पूर्वी त्यांना उकळून उकळून रडकुंडीला आणावं लागायचं. ही पूड तसलं काही करत नाही. ती निळा उजेड पिते, अंगात आल्यासारखी करते, एकाचा इलेक्ट्रॉन हिसकावते आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारते. दोघंही बिथरतात, आणि बिथरलेल्या अवस्थेत एकमेकांना घट्ट धरून बसतात. पूड मात्र नामानिराळी. लग्नं जुळवत फिरणाऱ्या काही बायका असतात ना, सगळ्या गावाला कामाला लावून स्वतः हात झटकून मोकळ्या, तशी.

पण विज्ञानात नुसतं झालं म्हणून चालत नाही. उजेडामुळेच झालं हे दाखवायचं, तर उजेड काढून घेतल्यावर होत नाही हेही दाखवावं लागतं. म्हणून अगदी तशीच दुसरी बाटली ती शेजारी अंधारात ठेवायची. अंधार म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. भिंतीवरच्या पंख्याचा वारा आत जावा, म्हणून खोक्याला वरच्या अंगाला एक खिडकी कापलेली. वारा नसला तर शेजारच्या दिव्यांच्या धगीने बाटली तापणार, आणि मग तिचे मार्गदर्शक सर म्हणणार, हे उजेडाने नाही, उष्णतेने झालं. सरांना काहीतरी म्हणायचंच असतं.

कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं. पातेल्यातली बाटली फळायची, खोक्यातली वांझोटी राहायची. आणि नेमकी परीक्षक यायच्या आठवड्यात खोक्यातली बाटलीही फळली.

सुनेने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"अंधारातही होतंय तुझं," सर म्हणाले. सर उंचीला बेताचे, पण रागावले की चवड्यांवर उभे राहायचे. "म्हणजे तुझा उजेड काय करतोय? रोषणाई? प्रबंधाच्या नावातच 'प्रकाश' आहे. तो काढला तर काय राहतं? मुखपृष्ठ!"

"सर, आधी होत नव्हतं. तुम्ही स्वतः पाहिलंय."

"मग आता का होतंय?"

याचं उत्तर असतं तर ती तिथे उभी राहून बोलणी खात बसली असती का?

"उद्या परीक्षक येतील," सर म्हणाले. "आज एकदा शेवटचं लाव. अंधारातली बाटली कोरी निघाली तर ठीक. नाही निघाली तर हा विषय गुंडाळायचा आणि पहिल्यापासून नवा घ्यायचा."

पहिल्यापासून! लग्नाआधी सुरू केलेलं काम होतं ते. सासरी येताना बाकीच्या मुली दागिने आणतात, हिने अर्धवट प्रबंध आणला होता.

तिने दोन्ही बाटल्या लावल्या, पडदे ओढले, दिवे सुरू केले. निळा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून तिथे सगळे नारिंगी काचांचा चष्मा घालतात. सरांचा तर कडक नियम, चष्म्याशिवाय आत पाऊल नाही. तिने चष्मा सारखा केला आणि खोक्याच्या खिडकीतून आत डोकावली. काळाकुट्ट अंधार. सरांनीही डोकावून पाहिलं. "अंधारच आहे," म्हणाले, आणि हे जणू तिचंच कारस्थान असल्यासारखे हात मागे बांधून येरझारा घालू लागले.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या.

"इथे आहे होय माझं पातेलं! मी घरभर माळे उपसतेय. उद्या संध्याकाळी तुझ्या नणंदेच्या सासरचे जेवायला येतायत, त्यांना काय चहाच्या भांड्यात शिजवून घालू?"

"आई, आत्ता नको हो."

"आत्ता नको तर केव्हा? आणि हे काय चिकटवलंयस त्याला? देवा रे. डिंक निघेल का हा?"

"बाई, चष्मा!" सर ओरडले. "आधी चष्मा घाला!"

"घातलाय की." सासूबाईंनी आपला जाड भिंगांचा चष्मा नाकावर वर ढकलला. "ह्याच्यावर तुमचा आणखी चढवला तर मी भिंतीवर आपटेन. मग डोळे वाचले काय आणि गेले काय, सारखंच."

सुनेला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, त्यातलं रडू जिंकलं. चष्म्याच्या काचा आतून धुरकटल्या. तिने तो काढून ओढणीला पुसायला घेतला, आणि सवयीने मान वर केली.

फळीवर सरांची ढाल पेटली होती.

सरांना मिळालेली मानाची ढाल ती. चांदीचा मुलामा दिलेली, ताटाएवढी. परीक्षकांच्या डोळ्यांत भरावी, म्हणून याच आठवड्यात सरांनी ती कपाटातून काढून घासूनपुसून टेबलावरच्या फळीवर मांडली होती. वर जरा पुढे झुकवली होती, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसालाही अक्षरं वाचता यावीत. पातेल्यातून वर जाणारा निळा झोत तिच्यावर आदळत होता आणि खाली वळून थेट खोक्याच्या खिडकीत शिरत होता. खोकं आतून निळंशार झालं होतं. नारिंगी काच निळा रंग गिळते, म्हणून तर ती घालायची. आठवडाभर दोघं तीच काच घालून त्या खोक्यात अंधार शोधत होते, आणि तो त्यांना दर वेळी सापडत होता.

"सर," ती म्हणाली, "चष्मा काढून एकदा खोक्यात बघा."

"नियम म्हणजे नियम."

"क्षणभर सर. पाया पडते."

"काढा हो," सासूबाई म्हणाल्या. "मी केव्हाची तशीच उभी आहे, अजून आंधळी झाले नाही. त्या ताटावर काय छान उजेड पाडलाय! मला वाटलं, तुमच्या मानासाठी मुद्दामच सोडलाय."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. खोक्यात पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. चष्मा पुन्हा नाकावर ओढला.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," शेवटी सर म्हणाले, "अंधार पूर्ण हवा."

सुनेने जीभ आवरली. सासूबाईंनी आवरली नाही. "मग ताट कुणी ठेवलं?" त्यांनी विचारलं. सरांना अचानक कुणाला तरी फोन करायचं आठवलं.

ढाल खाली उतरवली. बाटल्या नव्याने भरून लावल्या. पातेलं सोडून जायला सासूबाई तयार नव्हत्या, म्हणून त्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या आणि सुनेला विचारत राहिल्या, "झालं का गं?" दुपार कलली तेव्हा सुनेने दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब पांढऱ्या पट्टीवर लावला. नवा पदार्थ तयार झाला असेल तर पट्टीवर त्याचा वेगळा ठिपका चढतो. पातेल्यातल्या थेंबाचा चढला, टिकलीएवढा, ठसठशीत. खोक्यातल्या थेंबासाठी तिने पट्टी तिरकी करून पाहिली, दिव्याखाली धरून पाहिली, चष्मा घालून पाहिली, काढून पाहिली.

"काही नाही!" ती ओरडली. "आई, काहीच नाही झालं!" आणि तिने सासूबाईंना स्टुलासकट मिठी मारली.

"अगं, पडेन मी! लग्न झाल्यापासून एवढी खूश कधी दिसली नाहीस," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "आणि कशावर, तर काही न झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी ती पांढरी पट्टी उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली आणि सही केली. त्यांचा हात कागदावरून हटायचा अवकाश, सासूबाईंनी दिव्यांची पट्टी टराटरा सोलली आणि पातेलं काखोटीला मारून चालू लागल्या. पाहुणे यायचे होते.

पातेलं गेलं म्हणून काम थोडंच थांबतं? सुनेने दिव्यांची पट्टी एका साध्या डब्यात बसवली आणि बाटलीच्या मागे, उजेड परतवायला, सरांची ढाल उभी केली. बाटली पातेल्यातल्यापेक्षा लवकर फळली. सर रोज येतात, ढालीकडे बघतात, घसा खाकरतात. ती परत कशी मागावी हे मात्र त्यांना अजून सुचलेलं नाही.