कंडेन्सरची रिकामी जागा

दूध संस्थेचा लॅपटॉप दुपारी बंद पडला आणि सचिव छगननं आधी घड्याळ पाहिलं. संध्याकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहणार. दुधाचा भाव ज्यावर ठरतो, ते फॅट मोजायचं मशीन लॅपटॉपला जोडलेलं. तो मेला की मशीनही मुकं. गेल्या खेपेला चेअरमन आप्पासाहेबांनी दुधाचा थेंब जिभेवर घेऊन ज्याचं त्याचं फॅट जाहीर केलं होतं. आप्पासाहेबांना कोणी काही बोललं नाही. लोकांच्या ओढाताणीत छगनच्या सदऱ्याची बाही मात्र खांद्यापासून निघाली होती.

छगन एकटाच मोटारसायकलवर दुरुस्तीला राहात्याला गेला असता, पण संस्थेची वस्तू एका माणसाबरोबर वेशीबाहेर पाठवायची नाही, असा दंडक होता. कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता, म्हणून तर संस्था टिकून होती. तेव्हा अख्खं संचालक मंडळ टेम्पोत बसलं. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून संचालक रंगनाथच्या मांडीवर, आणि रंगनाथवर नजर ठेवायला संचालिका जयाबाई.

कृपादानचं दुरुस्तीचं दुकान दोन माणसं उभी राहतील एवढं. मंडळ त्यात कसंबसं मावलं. कृपादाननं लॅपटॉप उघडला, मदरबोर्डवर मीटरच्या सुया टेकवल्या. मीटर किंचाळला.

"करंट येतोय, पण वाटेत कोणीतरी एकटाच सगळा पितोय," कृपादान म्हणाला.

"कोन?" मंडळानं एका सुरात विचारलं आणि सवयीनं एकमेकांकडे पाहिलं.

कृपादाननं बोर्डावर स्पिरिट पसरलं आणि बेताचा करंट सोडला. "जो पितोय तो तापणार. त्याच्या अंगावरचं स्पिरिट आधी वाळणार." सगळे श्वास रोखून वाकले. एका कोपऱ्यात तिळाएवढा ठिपका लख्ख कोरडा झाला.

"ह्यो कोन?"

"कपॅसिटर. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला कंडेन्सर असतो ना, त्याचा नातू. काढून टाकतो."

"थांबा!" आप्पासाहेब कडाडले. "काढतो म्हंजे? सूचक कोन? अनुमोदक कोन?"

रंगनाथनं सुचवलं. अनुमोदन कोणी देईना. आज याला काढलं, उद्या कोणाला काढतील, काय नेम? जयाबाई म्हणाल्या, "आधी नोटीस द्या त्याला. बाजू मांडू द्या."

"जयाबाई," छगन काकुळतीला आला, "रांग लागली आसंल हो. माजा हा एकच सदरा धड राह्यलाय."

जयाबाईंना दया आली. त्यांनी अनुमोदन दिलं. कृपादाननं गरम हवेची गन धरली, चिमट्यानं ठिपका उचलला, बटण दाबलं. दिवा लागला. पडदा उजळला. छगनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता नवा बसवा त्या जागी," आप्पासाहेब म्हणाले.

"त्या मापाचा आज न्हाई माझ्याकडं. पण त्याच्यावाचून चालतंय की. शेजारी त्याच कामाला बरेच हायेत."

मंडळानं पुन्हा एकमेकांकडे पाहिलं.

"त्याच्यावाचून चालतं?" आप्पासाहेबांनी सावकाश विचारलं.

"झकास."

"आनि आजून एक काढला तर?"

"तसं बघितलं तर..." कृपादान सरळ माणूस, खरं सांगायला निघाला होता. छगननं त्याच्या पायावर सगळा भार देऊन पाय ठेवला. पण व्हायचं ते झालं होतं. संचालकांचे चेहरे पडले होते.

"बंद करा त्ये बोलनं," आप्पासाहेब म्हणाले. "रिकाम्या जागेवर कारभार चालतो, हे गावात कळलं तर? जागा भरल्याबिगर लॅपटॉप हलनार न्हाई."

छगन कृपादानच्या कानाशी लागला. कृपादाननं भंगारातल्या एका बोर्डावरून तसाच एक मेलेला ठिपका काढला आणि रिकाम्या जागी एकाच टोकानं डकवला. दुसरं टोक अधांतरी.

आप्पासाहेबांनी भिंगातून पाहिलं. "काम करतो का?"

"न्हाई. बसून राहतो."

"काई बिघडवत तर न्हाई?"

"न्हाई."

"मग बसू द्या की!" आप्पासाहेब मोकळे हसले. सगळ्यांनी मंजुरीला हात वर केले.

टेम्पो परतला तेव्हा रांग देवळापर्यंत गेली होती आणि पहिल्या चौघांनी बाह्या सरसावल्या होत्या. छगननं धावत जाऊन मशीन जोडलं. पहिल्या किटलीचा आकडा पडद्यावर उमटला. लोकांनी बाह्या खाली घेतल्या. मागे आप्पासाहेब ओट्यावर चढून सांगत होते, की संस्थेतली एक जागा अचानक रिकामी झाली होती, ती आजच भरून घेतली.

"कोन घेतला?" रांगेतून कोणीतरी छगनला विचारलं. "कोनत्या वाडीचा?"

"राहात्याचा हाय," छगन म्हणाला. "बिनविरोध." आणि त्यानं पुढची किटली ओढली.