धाकटीची नवी शिस्त

धाकटी जाऊ सुधारली आणि थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

माणूस बिघडला तर एक वेळ समजून घेता येतं, बिघडायला काही कारण लागत नाही. पण जी बाई दुकानात आल्यावर आधी चहा, मग गप्पा आणि मग स्वतःच कुठेतरी ठेवलेली कात्री शोधण्यात अर्धी सकाळ घालवायची, ती एके दिवशी स्वयंपाकघरातला टायमर टेबलावर ठेवते आणि म्हणते, "ताई, आजपासून आपण वेळेचं नियोजन करायचं," तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे थोरलीला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुकान कपडे दुरुस्तीचं होतं. पँटची उंची कमी करायची, कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, बिघडलेली चेन बदलायची, असली कामं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा थोरलीने घरातल्या एका मशीनवर सुरुवात केली होती. पुढे रस्त्यावरची ही खोली घेतली, दुसरं मशीन आलं आणि दिराचं लग्न झाल्यावर त्या मशीनवर धाकटी आली. तिला सुई धरायलासुद्धा थोरलीनेच शिकवलं. दुकानाचा खरा आधार म्हणजे मोठ्या हॉटेलचं काम. तिथले वेटर सतत बदलायचे, त्यामुळे काळ्या पँटींचा गठ्ठा कधी थांबत नसे. हॉटेलचा मॅनेजर कामावर जाताना स्वतः तो आणून टाकायचा. तुरपाई हातानेच हवी, मशीनची टीप बाहेरून दिसता कामा नये, अशी त्याची अट होती.

धाकटीचे नियम एकेक करून बाहेर पडले. फोन ड्रॉवरमध्ये टाकायचा. टायमर वाजेपर्यंत बोलायचं नाही. अवघड काम सकाळी, डोकं ताजं असताना. संध्याकाळी टेबल रिकामं करून दुसऱ्या दिवशीचं काम लावून ठेवायचं. आणि एका रंगाचं काम एकदम उरकायचं.

"दोरा बदलण्यात किती वेळ जातो, कधी बघितलंत का ताई?" धाकटी म्हणाली. "काळं सगळं मी घेते, सकाळीच. तुम्ही पांढरं, फिकं घ्या."

हां! आता कशी बोललीस, असं थोरली मनात म्हणाली. काळं म्हणजे हॉटेल. आज दोऱ्याचं निमित्त करून गठ्ठा घेईल, उद्या मॅनेजरशी परस्पर बोलणी करील आणि परवा थोरलीला पडद्यांच्या कडा शिवत कोपऱ्यात बसवील. स्वतः उभ्या केलेल्या दुकानात अशी पाहुणी व्हायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"हॉटेलच्या पँटी मीच करणार," तिने ठणकावून सांगितलं.

धाकटीचा चेहरा पडला. तो पडलेला बघून थोरलीची खात्रीच पटली. तेव्हापासून काळं काही दिसलं की ती आधी आपल्याकडे ओढायची. कोट असो, स्कर्ट असो, शेजारच्या मुलाच्या बॅगेचा पट्टा असो, तिने काही सोडलं नाही.

वाईट म्हणजे ते नियोजन लागू पडत होतं. कपडे सांगितलेल्या दिवशी तयार असायचे, गिऱ्हाईक खूश होतं, संध्याकाळी टेबल लख्ख दिसायचं. थोरलीला त्याचाही राग यायचा. कावा करायचा तर करावा, पण तो इतका उपयोगी तरी असू नये.

"बरं झालं की, हल्ली वेळेवर घरी येतेस," नवरा म्हणाला.

"तुम्हाला सगळं बरंच दिसतं. उद्या दुकान हातचं गेलं तरी वेळेवर गेलं म्हणून खूश व्हाल."

नवऱ्याने पेपरात डोकं घातलं. या घरात इतकी वर्षं काढल्यावर कधी गप्प बसायचं हे त्याला बरोबर कळायचं.

थोरलीने मग डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. एकदा दुकानाचा फोन तिने उचलला तर मॅनेजर म्हणाला, "धाकट्या बाई आहेत का?" इतक्या वर्षांत त्याने कधी धाकटीला विचारलं नव्हतं. धाकटीने फोन घेतला, दोनदा "हो, हो, नक्की" म्हणाली आणि थोरली जवळ येताच ठेवून दिला. काय म्हणत होता, असं विचारल्यावर "काही नाही, गठ्ठा कधी होईल म्हणून" असं पुटपुटली. ते तर त्याने थोरलीलाही विचारलं असतं.

मग काळा दोरा. दुकानात काय किती लागतं याचा थोरलीला पक्का अंदाज होता. फिक्या रंगाची रिळं नेहमीसारखी संपत होती, काळी मात्र बघता बघता संपायची. म्हणजे या दुकानात, या दोऱ्याने, आणखी कुणाचं तरी काळं काम चाललं होतं.

शेवटचा घाव घातला तो शेजारच्या किल्लीवाल्याने. सहज बोलता बोलता तो म्हणाला, "तुमच्या जाऊबाईंची कमाल आहे हं. मी शटर उघडतो तेव्हा त्या आत कामाला लागलेल्या असतात. कधीपासून बघतोय."

थोरली हसली, "हो ना, फार कष्टाळू आहे," असं म्हणाली आणि आत येऊन खुर्चीवर बसली. 

दुसऱ्या दिवशी ती चहासुद्धा न घेता घराबाहेर पडली. रस्त्यावर झाडूवाल्याशिवाय कुणी नव्हतं. दुकानाच्या खिडकीशी येऊन तिने आत डोकावलं. धाकटी पाठमोरी बसली होती. तिच्या मांडीवर काळी पँट होती, शेजारी आणखी पँटींचा ढीग होता. टेबलावर थोरलीने आदल्या संध्याकाळी घड्या घालून ठेवलेला हॉटेलचा गठ्ठा सुटलेला होता. आणि धाकटी शिवत नव्हती. ती उसवत होती.

थोरलीने दार ढकललं.

"केसाने गळा कापतेस माझा?" ती ओरडली. "माझं केलेलं काम उसवून ठेवायचं, मॅनेजरने बोंब मारली की साळसूदपणे पुढे व्हायचं! हे तुझं वेळेचं नियोजन!"

धाकटी दचकून उभी राहिली. पँट लपवायला गेली, पण कुठे लपवणार? "ताई, तसं नाही..."

"मग कसं? सांग ना!"

 थोरलीने ढिगातून अजून न उसवलेली एक पँट खेचली आणि खिडकीशी, भर उजेडात नेली. पायाची दुमड उलटून नीट निरखली. काळ्यावर काळी तुरपाई, कशी हवी तशी.

"बघ!" ती विजयाने म्हणाली. "दाखव यात खोट."

धाकटीने हातातली पँट टेबलावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, बोट फिरवून बघा."

थोरलीने बोट फिरवलं. ते बोट कापडावरच म्हातारं होत आलेलं होतं, त्याला फसवणं शक्य नव्हतं. थोडं अंतर टाके दुमडीवरून नीट चालले होते. मग ते दुमड सोडून खाली उतरले आणि नुसत्याच कापडावर पुढे गेले. तेवढ्या भागात दुमड सुटून लोंबत होती, बोट सरळ तिच्या आत शिरलं. तिने दुसरी पँट घेतली. मग तिसरी. मग ती खाली बसली.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा मॅनेजर एक गठ्ठा परत घेऊन आला होता. फार चिडला होता. मी म्हटलं, माझ्या हातचं आहे, करून देते."

"तुझ्या हातचं?"

"मग काय सांगणार? तेव्हापासून तो मला फोन करून बजावतो, की बाई, तुमचं काम मोठ्या बाईंकडून तपासून घेत जा."

"आणि ते टायमर, ते नियम?"

धाकटीला अशा वेळीही जरा हसू आलं. "फोनवर असलं काहीबाही येतं, त्यातलं उचललं. तुमच्या हातून काळं काढून घ्यायला काहीतरी सांगायला हवं होतं ना. तर तुम्ही उलट शेजारच्या पोराची बॅगसुद्धा घेऊन बसलात. तुम्ही काळं जेवढं ओढत होतात तेवढं मला लवकर यावं लागत होतं, ताई."

"तोंड नव्हतं का तुला? मला सांगायचं नाही?"

"तुम्ही खरं मानलं असतंत?"

 थोरलीने मुळीच खरं मानलं नसतं. दुकान घशात घालायला ही आता मला आंधळी ठरवते, असंच ती म्हणाली असती, आणि चारचौघांत म्हणाली असती. तिला धाकटीचा राग आला, मग स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. त्या लाजेखाली भीती होती. शिवण सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि मॅनेजर नवा गठ्ठा घेऊन आत आला. थोरलीला बघून त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"बरं झालं, मोठ्या बाई भेटल्या," तो म्हणाला. "कधीचं बोलायचं होतं, पण गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही. रागावू नका, पण आमचं काम तुम्हीच करत जा. तुमच्या जाऊबाईंनी मागे फार घोळ घातला होता. आमचा भरवसा तुमच्यावर आहे."

इतके दिवस थोरली ज्याच्यासाठी भांडली होती, ते तिला आपण होऊन कुणीतरी हातात आणून देत होतं. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. धाकटीने खाली बघत उसवलेले दोरे गोळा करायला घेतले. तिने एक शब्द काढला नाही, आणि ती काढणारही नव्हती.

थोरली टेबलाला धरून उठली.

"तो घोळ माझा होता," ती म्हणाली. "हिने स्वतःवर घेतला. मला काळ्यावर दिसत नाही हो आता. गठ्ठा तिच्या मशीनपाशी ठेवा."